पेशींची पकड आणि लाळग्रंथीचा कर्करोग

कानाखाली किंवा जबड्याखाली आलेल्या, न दुखणाऱ्या गाठीची बायोप्सी झाली की काही दिवसांनी हातात एक अहवाल पडतो. त्यात गाठीच्या नावाखाली काही प्रथिनांची यादी असते आणि प्रत्येकापुढे ‘पॉझिटिव्ह’, ‘निगेटिव्ह’ किंवा ‘कमी प्रमाणात’ असा शेरा असतो. त्या यादीत ई-कॅडहेरिन किंवा बीटा-कॅटेनिन ही नावे दिसली की घरातले कोणीतरी इंटरनेटवर शोध घेते. ‘ही प्रथिने पेशींना एकमेकींशी जोडून ठेवतात, ती कमी झाली की कर्करोग पसरतो’ एवढे वाक्य तिथे सापडते आणि ‘कमी प्रमाणात’ या दोन शब्दांनी सगळ्यांची झोप उडते. ते वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे, आणि लाळग्रंथीच्या कर्करोगाच्या बाबतीत राहिलेला अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

गाठ नेमकी कशाची?

लाळ तयार करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आपल्याला असतात. कानाच्या पुढे-खाली पॅरोटिड, जबड्याखाली सबमँडिब्युलर आणि जिभेखाली सबलिंग्वल. गालगुंड झाल्यावर सुजते ती पॅरोटिड. याशिवाय टाळू, ओठ, गाल आणि घशाच्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. लाळग्रंथींच्या बहुतेक गाठी पॅरोटिडमध्ये होतात आणि त्यांतल्या बहुसंख्य कर्करोगाच्या नसतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी तिच्यातली गाठ कर्करोगाची निघण्याची शक्यता जास्त, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. त्यामुळे टाळूवरच्या वाटाण्याएवढ्या गाठीकडे कानाखालच्या मोठ्या गाठीपेक्षा अधिक संशयाने पाहिले जाते.

आपल्याकडे तोंडाचा कर्करोग म्हटले की तंबाखू, मावा, गुटखा आठवतो आणि ते रास्तच आहे. मात्र तोंडाच्या अस्तराचा कर्करोग आणि लाळग्रंथीचा कर्करोग हे वेगळे आजार आहेत. दुसऱ्याचा तंबाखूशी तसा ठळक संबंध आढळलेला नाही. त्याच्या कारणांपैकी नीट सिद्ध झालेले एक म्हणजे किरणोत्सर्ग. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अणुहल्ल्यांतून वाचलेल्यांमध्ये लाळग्रंथींच्या गाठींचे प्रमाण वाढलेले दिसले. तेव्हा आयुष्यात सुपारीचे खांडही न खाल्लेल्या रुग्णाला ‘काहीतरी लपवतोय’ अशा नजरेने पाहणे अन्यायाचे आहे.

लाळग्रंथीच्या कर्करोगाचे वीसहून अधिक प्रकार जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात आहेत. या लेखात मुख्यतः एकाचा विचार केला आहे, ॲडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमाचा. यापुढे त्याला एसीसी म्हणू. पेशींच्या पकडीचा प्रश्न याच प्रकारात सर्वांत स्पष्टपणे दिसतो.

पेशी एकमेकींना धरतात म्हणजे काय?

ग्रंथीतल्या पेशी सुट्या नसतात. त्या शेजारच्या पेशीला धरतात आणि खालच्या पातळ थरालाही धरतात. या थराला तळपटल म्हणतात. शेजारणीला धरण्याचे मुख्य काम ई-कॅडहेरिन या प्रथिनाचे आहे, तर तळपटलाला धरण्याचे काम इंटेग्रिन या प्रथिनकुळाचे.

मंगळागौरीच्या रात्री दोघी फुगडी घालतात तेव्हा पावले जवळजवळ टेकलेली असतात, शरीरे मागे झुकलेली असतात आणि सारा तोल एकमेकींच्या हातांवर असतो. ई-कॅडहेरिनची पकड जवळपास अशीच आहे. दोन्ही पेशींच्या पृष्ठभागातून तेच प्रथिन बाहेर येते आणि समोरच्या आपल्यासारख्याच प्रथिनाला धरते. मात्र नुसत्या पंजांनी फुगडी होत नाही, पंजा दंडाला आणि दंड खांद्याला जोडलेला लागतो. ई-कॅडहेरिनचा पेशीच्या आत असलेला शेपटाचा भाग कॅटेनिन नावाच्या प्रथिनांना आणि कॅटेनिन पेशीच्या आतल्या तंतूंना जोडलेले असतात, म्हणून ओढ साऱ्या पेशीला जाणवते. आणि टेकलेली पावले म्हणजे इंटेग्रिन.

ही पकड कॅल्शियमवर अवलंबून असते, आणि हे ज्या रीतीने कळले ती हकिगत सांगण्यासारखी आहे. मासातोशी ताकेइची हे जपानी शास्त्रज्ञ १९७०च्या दशकात क्योटोहून अमेरिकेत बाल्टिमोरला काही काळ काम करायला गेले. क्योटोत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने सुट्या केलेल्या पेशी पटकन पुन्हा एकत्र येत. बाल्टिमोरमध्ये तोच प्रयोग केला तर पेशी जुळेनात. शोध घेता लक्षात आले की तिथल्या ट्रिप्सिनच्या द्रावणात ईडीटीए मिसळलेले होते. रक्ताची चाचणी करताना जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून घातलेले असते ते हेच रसायन; ते कॅल्शियम धरून ठेवते. कॅल्शियम असताना ट्रिप्सिनच्या तडाख्यातून वाचणारे एक प्रथिन कॅल्शियम गेल्यावर नष्ट होत होते, आणि पेशींना जोडणारे प्रथिन तेच होते. त्यातूनच पुढे ‘कॅडहेरिन’ हे नाव आले.

इथे हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर पकड घट्ट होईल का. नाही. रक्तातले कॅल्शियम शरीर फार काटेकोरपणे सांभाळते आणि पेशींबाहेर ते कॅडहेरिनला पुरेल इतके असतेच. कर्करोगात अडचण कॅल्शियमची नसते. प्रथिनच कमी तयार होते किंवा नको त्या जागी असते.

पकडीचे प्रथिन पेशीला संदेशही देते

बीटा-कॅटेनिन हे प्रथिन दुहेरी काम करते. ई-कॅडहेरिनशी जोडलेले असेपर्यंत ते पेशीच्या कडेला राहून पकडीला बळ देते. तिथून सुटलेले बीटा-कॅटेनिन पेशी एरवी लगेच मोडून टाकते. पण हे मोडणे बिघडले तर ते केंद्रकात शिरते आणि वाढीशी संबंधित जनुके चालू करते. म्हणून पॅथॉलॉजिस्ट स्लाइड पाहताना ते आहे की नाही यापेक्षा कुठे आहे हे आधी बघतो. बेसल सेल ॲडिनोमा नावाच्या लाळग्रंथीच्या एका निरुपद्रवी गाठीत बीटा-कॅटेनिनच्या जनुकात बदल झालेला असतो आणि प्रथिन केंद्रकात दिसते, आणि तिच्यासारख्याच दिसणाऱ्या इतर गाठींपासून तिला वेगळे काढायला ही खूण प्रत्यक्ष उपयोगी पडते. केंद्रकातले बीटा-कॅटेनिन म्हणजे वाईट बातमी, असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण आणखी बोलके आहे. लाळग्रंथीची सर्वाधिक आढळणारी गाठ म्हणजे प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, आणि तीही कर्करोगाची नव्हे. तिच्यातल्या काही गाठींत तिसऱ्या आणि आठव्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन जुळतात, हे १९९७ साली दाखवले गेले. त्या जुळणीत बीटा-कॅटेनिनच्या जनुकाचा सुरुवातीचा भाग, म्हणजे ते जनुक किती प्रमाणात चालू राहावे हे ठरवणारा भाग, पीएलएजी-१ या वाढीच्या जनुकापुढे जाऊन बसतो. बीटा-कॅटेनिन प्रत्येक पेशीला सतत लागते, त्यामुळे त्याचे जनुक कायम चालू असते. आता त्याच्याऐवजी पीएलएजी-१ कायम चालू राहते आणि गाठ वाढू लागते. पकडीच्या प्रथिनात काहीही बिघाड नसताना, केवळ त्याच्या जनुकाचे नियंत्रण भलत्याच्या हाती गेल्यामुळे हे घडते.

एसीसीची स्लाइड पाहताना

एसीसीचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून होत आले आहे; बिलरोथ यांनी १८५९ साली त्याला ‘सिलिंड्रोमा’ असे नाव दिले होते. हा कर्करोग हळू वाढतो, मानेतल्या लसिकाग्रंथींत क्वचितच जातो, पण मज्जातंतूंच्या कडेकडेने सरकण्याची त्याला विलक्षण खोड आहे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात त्याच्या गाठी दिसू शकतात. पाच वर्षांनंतर बहुसंख्य रुग्ण हयात असतात, म्हणून आकडेवारीत हा आजार सौम्य वाटतो. वीस वर्षांचा हिशेब मांडला की चित्र पालटते.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे नेहमीचे रूप चाळणीदार असते, म्हणजे पेशींचे पुंजके आणि त्यांत गोल छिद्रे. नवख्याला ती छिद्रे लाळेच्या नळ्या वाटतात, पण त्यातली बरीचशी खरी पोकळी नसतेच. ती तळपटलाच्या द्रव्याने, लॅमिनिन आणि कोलॅजेन-४ यांसारख्या प्रथिनांनी भरलेली असतात. ते द्रव्य गाठीतल्या पेशींनीच तयार केलेले असते. पेशींना ज्यावर पाय रोवायचे तो थर त्या स्वतःच घालत जातात, असे हे दृश्य आहे. मला या आजारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, आणि ती कुठलाही खास रंग न वापरता नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर दिसते.

ई-कॅडहेरिनची चाचणी करताना स्लाइडवर प्रतिपिंड, म्हणजे नेमक्या त्याच प्रथिनाला चिकटणारे रेणू, टाकतात. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो आणि केंद्रके निळी राहतात. त्याच तुकड्यात निरोगी ग्रंथीचा भाग आला असेल तर तिथल्या नळ्यांच्या पेशींभोवती सलग तपकिरी रेघ दिसते, आणि चाचणी नीट झाल्याचा तोच पुरावा असतो. गाठीकडे वळल्यावर ती रेघ काही ठिकाणी ठळक राहते, काही ठिकाणी तुटक होते, काही ठिकाणी पुसट. छिद्रे नसलेल्या, पेशींनी गच्च भरलेल्या पुंजक्यांना घन प्रकार म्हणतात. तो जास्त आक्रमक असतो आणि त्यात ही रेघ अधिक पुसट झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

ती पुसट का होते? स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिनचे जनुक सहसा मोडलेले असते आणि प्रथिन जवळजवळ पूर्ण नाहीसे होते. एसीसीत जनुक बहुधा शाबूत असते, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मेथिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटून ते दबलेले राहते. हा फरक बारीक वाटला तरी मोलाचा आहे. मोडलेले जनुक परत येत नाही. दबलेले जनुक पुन्हा चालू होऊ शकते, आणि म्हणूनच एका गाठीत एका कोपऱ्यात प्रथिन असते आणि दुसऱ्या कोपऱ्यात नसते.

मज्जातंतूभोवतीच्या आवरणातही लॅमिनिन आणि कोलॅजेन-४ असतात. ज्या द्रव्यावर या पेशी एरवी पाय रोवतात तेच त्यांना तिथे आयते मिळते. मज्जातंतूंच्या पेशींवर असणारे एनसीएएम नावाचे पकडीचे प्रथिन एसीसीच्या पेशींवरही सापडते आणि ते आपल्यासारख्याच प्रथिनाला धरते. त्यावरून एसीसी मज्जातंतूकडे का ओढला जातो याचे कोडे सुटले, असे काहींना वाटले. मात्र या प्रथिनाचे प्रमाण आणि मज्जातंतूंतला शिरकाव यांचा मेळ सर्व अभ्यासांत बसत नाही, त्यामुळे ती अजून शक्यताच आहे. तरीही एवढे म्हणता येते की एसीसीची पेशी पकड सोडून भरकटत नाही. ती शेजारणीवरची पकड सैल करून दुसऱ्या कशाला तरी घट्ट धरते.

पकड सुटली की कर्करोग पसरतो, हे मग चूक का?

चूक नाही, अपुरे आहे. गर्भाच्या वाढीत अस्तराच्या पेशी आपल्या जागेवरून सुटून फिरत्या होतात, ही सामान्य घटना आहे. कर्करोगाच्या पेशी त्याच यंत्रणेचा गैरफायदा घेतात, हे बऱ्याच आजारांत दिसते. पण दूरच्या अवयवात नवी गाठ उभी राहायची तर तिथे पोहोचलेल्या पेशींनी जगले पाहिजे आणि एकमेकींना धरून वाढलेही पाहिजे.

याचा सर्वांत ठाशीव पुरावा स्तनाच्या कर्करोगावरच्या प्रयोगांतून आला. २०१४ साली उंदरांवरच्या एका अभ्यासात दिसले की रक्तातून पुंजक्याने फिरणाऱ्या कर्करोगपेशींची नवी गाठ तयार करण्याची क्षमता सुट्या पेशींपेक्षा कितीतरी पट, २३ ते ५० पट, जास्त असते आणि त्या पुंजक्यांना जोडून ठेवण्यात प्लाकोग्लोबिन या बीटा-कॅटेनिनच्या भावंडाचा हात असतो. २०१९ साली दुसऱ्या गटाने ई-कॅडहेरिन काढून टाकले तेव्हा पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण त्या मोठ्या प्रमाणात मेल्या आणि दूर पसरणे उलट कमी झाले. हे निष्कर्ष स्तनाच्या कर्करोगाचे आहेत, ते जसेच्या तसे लाळग्रंथीला लावता येणार नाहीत. तरी ‘ई-कॅडहेरिन कमी, म्हणजे पसरणार’ हा सरळ हिशेब त्यांनी मोडीत काढला आहे.

एवढे अभ्यास झाले, तरी उत्तर पक्के का नाही?

पहिले कारण आजाराच्या दुर्मीळपणाचे. एका रुग्णालयात वर्षानुवर्षे जमवलेले रुग्णही थोडेच भरतात आणि त्यांतही प्रकार वेगळे, प्रतिपिंड वेगळे, फॉर्मेलिनमध्ये तुकडा किती वेळ राहिला ते वेगळे, आणि ‘कमी’ कशाला म्हणायचे हे ठरवणारे डोळे वेगळे.

दुसरे कारण जास्त गंभीर आहे आणि त्याची चर्चा वैद्यकीय वर्तुळाबाहेर फारशी होत नाही. कर्करोगाच्या पेशी कशा सरकतात, कशा चिकटतात हे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर अभ्यासले जाते. एसीसीच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या सहा पेशीवाणांची जनुकीय ओळखपरेड २००९ साली झाली. त्यांतले तीन हेला पेशींचे निघाले, म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशींचे. एक मूत्राशयाच्या कर्करोगाचा निघाला आणि उरलेल्या दोन वाणांच्या पेशी तर माणसाच्याच नव्हत्या. फुप्फुसात जास्त पसरणारा आणि कमी पसरणारा एसीसी म्हणून ज्या दोन वाणांची तुलना वारंवार केली जाई, ते दोन्ही हेलाच होते. पकडीच्या प्रथिनांवरचा कोणताही जुना प्रयोगशाळेतला निष्कर्ष वाचताना आधी पेशींचे नाव पाहावे, आणि ते या सहांपैकी असेल तर तो निष्कर्ष लाळग्रंथीबद्दल काही सांगत नाही असे खुशाल समजावे. रुग्णांच्या गाठींच्या स्लाइडवर झालेले अभ्यास या घोळातून सुटले आहेत, म्हणून माझा भर त्यांच्यावर आहे.

पकडीवर औषध का काढत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत. इंटेग्रिनची पकड रोखणारे सिलेंजिटाइड नावाचे औषध मेंदूच्या ग्लिओब्लास्टोमा या कर्करोगात वापरून पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. निरोगी पेशीही याच प्रथिनांनी एकमेकींना धरतात, हीही मोठी अडचण आहे. नॅटालिझुमॅब हे औषध पांढऱ्या पेशींचे एक इंटेग्रिन अडवते आणि मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात उपयोगी पडते, पण त्याने मेंदूच्या एका गंभीर विषाणुसंसर्गाचा धोका वाढतो.

यशस्वी ठरलेली वाट वेगळी आहे. नेक्टिन-४ हे पकडीचे प्रथिन मूत्राशयाच्या कर्करोगपेशींवर भरपूर असते. त्याला ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला विषारी औषध जोडून ते थेट त्या पेशींपर्यंत नेणारे एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन अमेरिकेत २०१९च्या डिसेंबरमध्ये मंजूर झाले. ते पकड सैलही करत नाही आणि घट्टही करत नाही, प्रथिनाचा उपयोग केवळ ओळख पटवायला करते. लाळग्रंथीच्या कर्करोगातही या मार्गाने काही हाती लागण्याची शक्यता मला पकड ‘दुरुस्त’ करण्याच्या कल्पनेपेक्षा अधिक वाटते. आज मात्र एसीसीचा मुख्य उपचार शस्त्रक्रिया आणि त्यानंतर बहुधा किरणोपचार हाच आहे.

अहवालात ‘ई-कॅडहेरिन कमी’ लिहिले असेल तर?

त्या एका ओळीवरून उपचार बदलत नाही. मधुमेहात साखरेचा आकडा पाहून गोळी वाढवतात तसा या शेऱ्याचा वापर होत नाही. ही चाचणी मुख्यतः गाठीचा प्रकार नक्की करताना किंवा संशोधनासाठी केली जाते. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. गाठ कोणत्या प्रकारची आहे? एसीसी असेल तर घन भाग किती आहे? कापलेल्या कडा कर्करोगमुक्त आहेत का? मज्जातंतूत शिरकाव आहे का, आणि असल्यास नाव असलेल्या मोठ्या मज्जातंतूत की बारीक फांद्यांत? एसीसीबद्दल शंका असेल तर सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांच्या जुळणीतून होणारी एमवायबी आणि एनएफआयबी या दोन जनुकांची जोडणी तपासता येते. २००९ सालीच ती या आजाराची खूण म्हणून पुढे आली. ती सापडली तर निदान पक्के होते, न सापडल्याने एसीसी नाकारता मात्र येत नाही, कारण ती प्रत्येक गाठीत नसते.

चेहऱ्याचा एक भाग बधिर होणे, एका बाजूची पापणी नीट न मिटणे, गाठीत मुंग्या येणे किंवा ठणकणे ही मज्जातंतूवर परिणाम झाल्याची लक्षणे असू शकतात, आणि ती अहवालातल्या कोणत्याही प्रथिनापेक्षा आधी डॉक्टरांच्या कानावर घालावीत.

पाठपुरावा पाच वर्षांवर थांबवण्याचा मोह रुग्णाला होतो, आणि कधी कधी डॉक्टरांनाही. एसीसीत फुप्फुसाची तपासणी त्यानंतरही चालू ठेवावी लागते. म्हणून गाठीचा तुकडा ज्यांत जपलेला असतो ते मेणाचे ठोकळे, म्हणजे पॅराफिन ब्लॉक, आणि स्लाइड कोणत्या प्रयोगशाळेत आहेत व त्या किती वर्षे जपतात याची चौकशी पहिल्याच अहवालाच्या वेळी करावी. मुंबईत टाटा रुग्णालयात किंवा अन्य मोठ्या केंद्रात दुसरे मत घ्यायचे झाले तर तेच ठोकळे मागितले जातात, आणि दहा वर्षांनी फुप्फुसात गाठ दिसली तर ती जुन्याच आजाराची की नवी, हे त्यांच्याशी ताडून पाहता येते.